दारावर थाप पडली तर? अहिंसेचे व्रत आणि स्वसंरक्षणाचा प्रश्न

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी केव्हा ना केव्हा अहिंसेचा संकल्प केला असेल. कुणी शिबिरात, कुणी जपाला बसण्याआधी, कुणी गुरुजनांसमोर. संकल्प करताना आपल्या मनात सहसा ताटातले अन्न असते, तोंडून जाणारा कडू शब्द असतो, फार तर पायाखालची मुंगी असते. मध्यरात्री दारावर बंदुकीच्या दस्त्याची थाप पडेल आणि आत आई, बहीण, लहान भाऊ झोपलेले असतील, हे चित्र मनात नसते. ते चित्र समोर ठेवून कुणी विचारले, "आता तुमचे व्रत काय सांगते?", तर आपण काय उत्तर देऊ?

मी वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि फावल्या वेळात लेखांचे मराठी भाषांतर करण्याची सेवा करतो. असेच एक भाषांतर करताना 'अप्रतिकार' या शब्दापाशी अडलो. अहिंसा आणि अप्रतिकार एकच का, असा प्रश्न पडला. शोधता शोधता एका समाजाच्या इतिहासापाशी पोहोचलो आणि गेले काही महिने तो इतिहास मनातून जात नाही. तो आपल्यापुढे मांडतो. निकाल देण्यासाठी नव्हे, आपण सर्वांनी मिळून विचार करावा यासाठी.

चारशे वर्षांचे व्रत

सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मात सुधारणेच्या चळवळी उठल्या. त्यांतील एका पंथाला अनाबॅप्टिस्ट म्हणत. १५३४ साली या पंथातील काही लोकांनी जर्मनीतील म्युन्स्टर हे शहर ताब्यात घेतले आणि तलवारीच्या बळावर देवाचे राज्य आणण्याचा प्रयत्न केला. पुढच्याच वर्षी शहर पडले आणि भयंकर रक्तपात झाला. त्या काळात मेनो सिमन्स नावाचे एक डच धर्मगुरू हे सारे पाहत होते. १५३६ साली त्यांनी आपले जुने पद सोडले आणि विखुरलेल्या, घाबरलेल्या लोकांना एकत्र केले. त्यांनी सांगितले की शस्त्र हा आपला मार्ग नाही. त्यांच्या अनुयायांना पुढे मेनोनाइट हे नाव मिळाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे व्रत भोळेपणातून आलेले नव्हते. तलवार हाती घेतल्यावर काय होते हे पाहिलेल्या माणसांनी ते घेतले होते.

या व्रतासाठी मेनोनाइटांनी पुष्कळ सोसले. छळ झाला, देश सोडावे लागले. नेदरलँड्समधून ते व्हिस्टुला नदीच्या खोऱ्यात गेले. पुढे रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने दक्षिणेकडील नव्याने जिंकलेल्या गवताळ प्रदेशात परदेशी शेतकऱ्यांना बोलावले, तेव्हा ते तिकडे निघाले. १७८९ साली नीपर नदीकाठी खोर्तित्सा येथे पहिली वसाहत झाली. १८०४ साली मोलोच्ना नदीकाठी दुसरी, अधिक मोठी. आज हा भाग युक्रेनमध्ये येतो. त्या काळी ती साम्राज्याची सीमा होती. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे कोसॅक आणि भटक्या नोगाई टोळ्यांचा वावर होता. १८०० साली झार पॉल याने मेनोनाइटांना सनद दिली. त्यांना सैन्यात जावे लागणार नाही, आणि ही सवलत कायमची राहील, असे तिच्यात होते.

शंभर वर्षांत या लोकांनी त्या माळरानाचे सोने केले. गव्हाची शेती, गिरण्या, अवजारांचे कारखाने, शाळा, दवाखाने, सारे उभे केले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रशियात त्यांची संख्या एक लाखाच्या आसपास होती. त्यांच्यातील एक धर्मप्रचारक दांपत्य १८९० च्या सुमारास आपल्या हैदराबाद संस्थानातील नळगोंड्यापर्यंत पोहोचले होते. १८७४ साली रशियाने सक्तीची सैन्यभरती सुरू केली, तेव्हा मेनोनाइटांपैकी जवळजवळ एकतृतीयांश, म्हणजे सुमारे १८,००० माणसे घरदार विकून अमेरिका आणि कॅनडाला गेली. उरलेल्यांनी सरकारशी बोलणी करून सैन्याऐवजी जंगलात झाडे लावण्याची सेवा पत्करली. महायुद्धात त्यांच्या हजारो तरुणांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. हातात बंदूक घेतली नाही.

आणि मग १९१८ साल आले.

उन्हाळ्यातील तीन दिवस

क्रांतीनंतर रशियात यादवी युद्ध पेटले. युक्रेनमध्ये लाल सेना, झारवाद्यांची पांढरी सेना, युक्रेनी राष्ट्रवादी आणि शेतकऱ्यांच्या टोळ्या अशा अनेक फौजा एकमेकांशी लढत होत्या. एकाच गावावर वर्षभरात अनेकदा सत्तांतर होई. पोलीस नाहीत, न्यायालय नाही. वसाहतींत लूट सुरू झाली, माणसे मारली जाऊ लागली, स्त्रियांवर अत्याचार होऊ लागले. १९१८ च्या वसंतात जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजा युक्रेनमध्ये आल्या आणि काही काळ शांतता झाली. मेनोनाइट जर्मन बोलत. त्यांना हे सैनिक तारणहार वाटले. जर्मन अधिकाऱ्यांनी सुचवले की आम्ही कायमचे राहणार नाही, तुमच्या तरुणांना आम्ही शिकवतो, शस्त्रे देतो, तुमचे संरक्षण तुम्ही करा. अशी दले उभी राहू लागली. त्यांचे नाव सेल्ब्स्टशुट्झ, म्हणजेच 'स्वसंरक्षण'.

३० जून ते २ जुलै १९१८ या तीन दिवसांत मोलोच्ना वसाहतीतील लिख्तेनाउ या गावी सर्व मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. प्रश्न एकच होता: शस्त्र घ्यावे की नाही? बी. बी. यान्झ नावाच्या एका शिक्षकाने विरोध केला. दुसऱ्या बाजूच्या लोकांचे म्हणणेही हलके नव्हते. ज्या बापाने मुलीवरचा अत्याचार पाहिला आहे त्याला तत्त्व कसे सांगणार? अखेर सभेने अप्रतिकाराचा आदर्श कायम ठेवला, मात्र ज्यांची सदसद्विवेकबुद्धी वेगळे सांगते त्यांच्यावर सक्ती केली नाही. ज्याने त्याने ठरवावे.

वाचकहो, योगायोग पाहा. नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्याकडे महात्मा गांधी गुजरातमधील खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरत होते, आणि कशासाठी? ब्रिटिशांच्या सैन्यात भरती व्हा, असे सांगण्यासाठी. अहिंसेच्या या उपासकालाही त्या उन्हाळ्यात वाटले होते की ज्याला शस्त्र धरताच येत नाही त्याच्या अहिंसेला अर्थ नाही. प्रतिसाद फारच थोडा मिळाला आणि ते आजारी पडले. आज आपण त्या निर्णयाकडे कसेही पाहू, पण एवढे खरे की ज्यांनी आयुष्यभर अहिंसेचा विचार केला त्यांनाही हा प्रश्न सोपा वाटला नाही. तेव्हा लिख्तेनाउमधील त्या शेतकऱ्यांना आपण घरबसल्या दोष देऊ नये.

काठी हातात आली

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला संकोच वाटतो, पण ती न सांगता पुढचे लिहिणे अप्रामाणिक होईल.

आम्ही महाराष्ट्राबाहेर एका मोठ्या शहराच्या कडेच्या कॉलनीत राहतो. दोन वर्षांपूर्वी चोरांची टोळी फिरते आहे अशी बातमी पसरली. दोन घरे फुटलीही होती. पोलिसांची गाडी रात्रीतून एकदा येई. मग आम्ही मुलांनी गस्त सुरू केली. पहिल्या रात्री हातात काठी धरली तेव्हा भीती होती. चौथ्या रात्री भीती नव्हती. खरे सांगतो, मजा वाटू लागली होती. शिट्ट्या, चहा, काठीचा आवाज, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोण रे?" असे दरडावून विचारणे. दिवसा ज्या मुलाला वर्गात कुणी विचारत नाही, त्याला रात्री माणसे घाबरत होती.

सहाव्या रात्री एक माणूस मागच्या भिंतीलगत दिसला. आम्ही धावलो. तो पळाला, म्हणून आम्ही आणखी जोरात धावलो. पकडल्यावर एकाने थोबाडीत मारली, मी काठी उगारली. मारली नाही, पण ती मारण्यासाठीच उगारली होती. त्याच्या हातात डबा होता. कारखान्यातून दुसरी पाळी संपवून तो मागच्या वस्तीतील घरी चालला होता. जवळच्या वाटेने जावे म्हणून भिंतीलगत आला होता. पळाला का, विचारले तर म्हणाला, "तुम्ही काठ्या घेऊन आलात म्हणून."

सकाळी कळले की त्याची बायको रोज आमच्या इमारतीचा जिना झाडायला येते. त्या दिवशीही ती आली. झाडून गेली. मान वर केली नाही. मी आजीला सगळे सांगितले. आजीने एवढेच विचारले, "तिचं नाव काय रे?" चार वर्षे ती माझ्या दारासमोर झाडत होती. मला नाव माहीत नव्हते.

त्या दिवसापासून मला वाटते की आपण प्रश्न चुकीच्या वेळी विचारतो. "थाप पडली तर शस्त्र घ्यावे का?" हा मध्यरात्रीचा प्रश्न आहे. पण मध्यरात्रीचे उत्तर पुष्कळसे आदल्या दिवसांत ठरून गेलेले असते.

ताळेबंदाखालची टीप

वाणिज्य शाखेत आम्हाला ताळेबंद शिकवतात. एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी. पण काही देणी अशी असतात की ती ताळेबंदाच्या आकड्यांत दिसत नाहीत. त्यांना संभाव्य देणी म्हणतात. ती खाली टीप म्हणून लिहायची असतात: अमुक झाले तर तमुक द्यावे लागेल. अनेकदा धंदा बुडतो तो या टीपेमुळे.

मेनोनाइट वसाहतींच्या ताळेबंदाखाली अशी कोणती टीप होती? त्यांच्या भरभराटीच्या शेतांवर आसपासची युक्रेनी गरीब माणसे मजुरी करत. काही मेनोनाइट कुटुंबांकडे प्रचंड जमीनजुमला होता. शेजारच्या खेड्यांत जमिनीची भूक होती. हे लोक सज्जन होते, मेहनती होते, प्रार्थना करणारे होते. पण शेजारी त्यांना शेजारी म्हणून ओळखत नव्हते, मालक म्हणून ओळखत होते.

त्या भागात हुल्याइपोले नावाचे गाव आहे. तिथे १८८८ साली एका गरीब घरात नेस्तर माखनो जन्मला. लहानपणी बाप गेला, मुलाने इतरांची गुरे राखली, जमीनदारांच्या शेतांवर राबला. पुढे अराजकतावादी क्रांतिकारक झाला, फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १९१७ च्या क्रांतीने त्याची मॉस्कोच्या तुरुंगातून सुटका केली. त्याने शेतकऱ्यांची फौज उभारली. जर्मन-ऑस्ट्रियन सैन्याने धान्य वसूल केले, जमिनी जुन्या मालकांना परत मिळवून दिल्या, बंडखोरांची घरे जाळली. माखनोच्या आईचे घर जाळले गेले, युद्धात अपंग होऊन आलेल्या त्याच्या भावाला गोळी घातली गेली. आणि त्याच सैन्याची बंदूक मेनोनाइट तरुणाच्या हातात होती.

शस्त्र कधी एकटे येत नाही. ते देणाऱ्याचा हात त्याच्याबरोबर येतो. तरुणाच्या मनात 'स्वसंरक्षण' होते. पण समोरच्या खेड्यातून पाहणाऱ्याला दिसत होते की आमची जमीन परत घेणाऱ्या परकी फौजेचा हा साथीदार आहे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये महायुद्ध संपले आणि जर्मन निघून गेले. मागे उरले ते अर्धवट शिकलेले तरुण, थोडी शस्त्रे आणि सगळा राग. त्या हिवाळ्यात मोलोच्नाच्या तरुणांनी ब्लुमेंटाल गावाजवळ माखनोच्या फौजेला काही महिने खरोखर अडवले. ते भित्रे नव्हते. मात्र १९१९ च्या आरंभी माखनोने लाल सेनेशी हातमिळवणी केली. आता समोर टोळी नव्हती, नवे सरकारच होते. मार्चमध्ये फळी कोसळली. त्या उन्हाळ्यात पांढऱ्या सेनेने प्रदेश जिंकला, काही मेनोनाइट तरुण तिच्यात सामील झाले. गावाच्या वेशीवर उभे राहण्यासाठी घेतलेली बंदूक आता एका बाजूच्या युद्धात चालू लागली.

शरद ऋतूत माखनोची फौज परत आली. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी आइखेनफेल्ड हे गाव आणि त्याच्या आसपास ऐंशीच्या आसपास माणसे मारली गेली. बहुतेक पुरुष. मृतांत गावोगाव तंबू ठोकून धर्मप्रसार करणारे याकोब डिक आणि त्यांचे काही सहकारीही होते. त्यांचा बंदुकीशी काही संबंध नव्हता. ब्लुमेनोर्ट गावात काही सशस्त्र तरुणांनी माखनोच्या माणसांना ठार केले, आणि त्याचा सूड गावातील निःशस्त्र पुरुषांवर उगवला गेला. महिनाअखेरीस झाग्रादोवका वसाहतीत सुमारे दोनशे माणसे मारली गेली. एका गावात तर लेकरेही वाचली नाहीत.

हिशोब इतका सोपा नाही

"पाहा, शस्त्र घेतले म्हणून हे झाले" असा निष्कर्ष कुणी काढील. मी तो काढणार नाही. शस्त्र घेतले नसते तर ही गावे वाचली असती, असे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. लूट आणि हत्या दले उभी राहण्यापूर्वीच सुरू झाल्या होत्या. आणि मारणाऱ्यांच्या हातून जे झाले त्याचे पाप मारणाऱ्यांचेच आहे. गरिबीचा राग समजून घेता येतो, लहान मुलाची हत्या समर्थनीय होत नाही.

दुसरा कुणी म्हणेल, "अहिंसा म्हणजे दुर्बळपणा, आणखी बंदुका हव्या होत्या." हेही मला पटत नाही. त्यांच्याकडे बंदुका होत्या आणि शौर्यही होते. तीन-चार फौजांच्या वणव्यात सापडलेले मूठभर गाव किती बंदुकांनी वाचले असते?

मग या इतिहासातून आपण काय घ्यावे? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली. व्रत वारशाने मिळाले की त्याची सवलत होते. मेनो सिमन्स यांच्या पिढीने अहिंसेची किंमत स्वतः मोजली होती. अडीचशेहून अधिक वर्षांनंतर ती झारच्या सनदेत लिहिलेली होती. सीमेवर इतरांची मुले लढत होती, चोरापासून राजाचे पोलीस राखत होते. अहिंसा पाळली जात होती, पण तिचा सराव होत नव्हता. आपलेही असेच नाही का? आपण शाकाहारी घरात जन्मलो, सुरक्षित वस्तीत वाढलो, आपल्या वतीने कुणीतरी गणवेश घालून रात्री जागते आहे. याला आपण आपली अहिंसा म्हणतो. ती वडिलोपार्जित ठेव आहे. आपली कमाई नव्हे.

दुसरी. आपली करुणा आणि आपले शौर्य, दोन्ही बहुधा 'स्वजन' या शब्दाभोवती फिरतात. कुरुक्षेत्रावर अर्जुन थबकला तेव्हा त्याच्या तोंडी अहिंसेची भाषा होती. विनोबांनी गीता प्रवचनांत हेच दाखवले आहे की ती खरी अहिंसा नव्हती, स्वजनांची आसक्ती होती. पूर्वी अनेक युद्धे लढताना त्याला हा विचार सुचला नव्हता. अर्जुनाला स्वजन पाहून अहिंसा आठवली. त्या मेनोनाइट तरुणाला स्वजन पाहून अहिंसा विसरावी लागली. दोघांनाही फिरवले ते एकाच शब्दाने. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आपण माणसे आहोत. पण स्वजनांच्या वर्तुळात कुणाकुणाला घेतले आहे, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. जिना झाडणारी त्या वर्तुळात असती, तर तिच्या नवऱ्यावर माझी काठी उगारली गेली नसती. मी त्याला नावाने हाक मारली असती.

तिसरी. अहिंसेलाही कवायत लागते. आपल्याच उपखंडाच्या सीमेवर खान अब्दुल गफार खान यांनी १९२९ साली खुदाई खिदमतगार उभे केले. पठाणांच्या घरोघर बंदूक होती आणि सूड हा प्रतिष्ठेचा भाग होता. त्या लोकांनी शपथ घेतली की हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही आणि रोज निदान दोन तास सेवा करू. त्यांना गणवेश होता, शिस्त होती, संचलन होते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. त्या दिवशी चंद्रसिंह गढवाली यांच्या तुकडीतील हिंदू सैनिकांनी या लोकांवर गोळी चालवण्यास नकार दिला. मान्य आहे की साम्राज्याची शिस्तबद्ध फौज वेगळी आणि यादवीतील टोळ्या वेगळ्या. पण रोजचे दोन तास हा मुद्दा विसरू नये. त्यांनी अहिंसा सनदेत ठेवली नव्हती, दिनक्रमात ठेवली होती.

मी काय करीन?

आपण विचाराल, "हे सारे ठीक, पण तुझ्या दारावर थाप पडली तर तू काय करशील?" टाळत नाही. माझ्या बहिणीवर कुणी हात टाकला तर मी मध्ये पडेन, आणि हाताशी काठी असेल तर बहुधा ती उचलेन. मी एवढा मोठा साधक नाही. पण त्यानंतर मी दोन गोष्टी करू इच्छितो.

एक, त्या कृतीची नोंद योग्य बाजूला करीन. हिंसा कधी अटळ झाली तरी ती खर्चाच्या बाजूला लिहायची असते. उत्पन्नाच्या बाजूला नाही. ज्या समाजाने ती उत्पन्न म्हणून लिहिली, मिरवणुका काढल्या, गाणी रचली, त्याचा ताळेबंद खोटा झाला. मेनोनाइटांबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो तो इथे. त्यांनी त्या दलाची विजयगाथा लिहिली नाही. त्यांच्यातील अनेकांनी पुढे ते पाऊल चूक होते असे मोकळेपणाने म्हटले. व्रत मोडले म्हणून व्रतच खोटे ठरवले नाही. मोडल्याची कबुली देऊन ते पुन्हा उचलले.

दोन, थांबायचे कुठे हे आधी ठरवीन. वेशीवर की वेशीपलीकडे? शस्त्र कुणाकडून घेतले? त्याची किंमत कोण मोजणार, मी की माझ्या शेजारचा निःशस्त्र म्हातारा? हे प्रश्न काठी हातात येण्यापूर्वी विचारायचे असतात. हातात आल्यावर ती स्वतःच उत्तरे देऊ लागते. आमच्या गस्तीच्या चौथ्या रात्री ते मी अनुभवले आहे.

त्या वसाहतींची कथा आइखेनफेल्डपाशी संपत नाही. १९१९ च्या हिवाळ्यात माखनोचे सैनिक मेनोनाइट घरांत मुक्कामाला होते आणि त्यांच्यात टायफसची साथ पसरली. ज्यांची माणसे मारली गेली होती त्याच घरांतील स्त्रियांनी या सैनिकांची शुश्रूषा केली. कुणी भीतीने केली असेल, कुणी धर्म म्हणून. साथीने शेकडो मेनोनाइटही गेले. मग १९२१-२२ चा दुष्काळ आला. तेव्हा १८७४ नंतर अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज आणि तेथील इतर मेनोनाइट यांनी १९२० साली स्थापन केलेल्या मदत समितीने अन्नछत्रे चालवली. त्या अन्नछत्रांत मेनोनाइट नसलेलेही जेवत होते. या कामासाठी गेलेल्या पहिल्या तिघांत क्लेटन क्राट्झ नावाचा महाविद्यालयीन विद्यार्थी होता, वय तेवीस-चोवीस. १९२० च्या शरद ऋतूत त्याला अटक झाली आणि तो पुन्हा कधी दिसला नाही. तो माझ्याच वयाचा होता. त्याच्या हातात बंदूक नव्हती. मध्यरात्रीच्या प्रश्नाला त्याने दिवसाउजेडी उत्तर दिले होते. ते उत्तर त्याला वाचवू शकले नाही, तरी ते मला खोटे वाटत नाही.

आणि लिख्तेनाउच्या सभेत विरोध करणारे ते शिक्षक, बी. बी. यान्झ? ज्यांनी त्यांचे ऐकले नव्हते, त्यांना सोडून ते गेले नाहीत. पुढची काही वर्षे त्यांनी सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत खेटे घातले आणि १९२३ पासून सुमारे २०,००० माणसे कॅनडाला पोहोचली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांत बंदूक उचललेलेही होते. मतभेदात हरल्यावर "मी सांगितले होते" असे म्हणत बसण्यापेक्षा हे अधिक कठीण आहे.

२००१ साली आइखेनफेल्डच्या जागी मृतांचे स्मारक उभे राहिले. परदेशातून आलेले वंशज आणि आज तिथे राहणारे युक्रेनी गावकरी त्या वेळी एकत्र होते. ऐंशीहून अधिक वर्षांनी शेजारी शेजाऱ्यांना भेटले.

वाचकहो, आपल्या दारावर तशी थाप कधी न पडो. पण संकल्प करताना या वेळी एक काम वाढवू या. आपल्या घराच्या चारही दिशांना राहणाऱ्या, आपल्याकडे कामाला येणाऱ्या, आपल्या रस्त्यावरून डबा घेऊन रात्री परतणाऱ्या माणसांची नावे माहीत करून घेऊ या. त्यांचे आपल्याकडे काही देणे राहिले असेल तर ते थाप पडण्यापूर्वी फेडू या. संभाव्य देण्यांची टीप जितकी लहान, तितकी ती रात्र दूर.

जिना झाडणाऱ्या ताईंचे नाव आता मला माहीत आहे. त्यांच्या नवऱ्याची क्षमा मागायला मी गेलो होतो. ते म्हणाले, "जाऊ दे बाळा, झालं ते झालं." पण आत बोलावले नाही. उंबऱ्यावरच बोलणे झाले. मी पुन्हा जाणार आहे.